उंद्रीत वाचलेली जपानी पोथी

वाचनात माझा हात धरणारा आमच्या उंद्री गावात कोणी नाही. हे मी म्हणत नाही, लोक म्हणतात. मी फक्त त्यांना अधूनमधून आठवण करून देतो. कोणाच्या घरी मौत झाली, की संध्याकाळी गरुडपुराण वाचायला मलाच, म्हणजे या भागवतला, बोलावणं येतं. नरकाचं वर्णन सुरू केलं की ओट्यावरची माणसं हातातली विडी विझवतात.

या खेपेला मात्र मौत माझ्याच भावकीत झाली. चुलतभाऊ इंद्रभानचा एकुलता एक मुलगा हरिओम पुण्याहून सुट्टीवर येत होता. चिखलीला एसटीतून उतरला, ओळखीच्या एकाच्या मोटारसायकलवर मागे बसला आणि गावच्या फाट्यावर डंपरनं उडवलं. गाडी चालवणारा वाचला, आमचा हरिओम गेला. घरी आली ती त्याची पाठीवरची बॅग.

त्या दिवसापासून त्याच्या आईनं, सत्यभामावहिनींनी, अन्नाला हात लावला नव्हता. कोणी बळंच पाजला तर चहा. संध्याकाळी मी पोथी उघडली, तर वहिनींनी माझ्या हातात त्या बॅगेतलं दुसरंच पुस्तक ठेवलं. आत नुसती चित्रं, आणि मधोमध एसटीचं तिकीट खोचलेलं.

"भाऊजी, हे तो गाडीत वाचत होता. तिकिटापर्यंत वाचून दाखवा. माह्या पोराच्या मनात शेवटी काय होतं, तेवढं मले समजू द्या."

पुस्तक जपानी, शब्द इंग्रजी. माझं इंग्रजी मॅट्रिकपासून पक्कं आहे. मी म्हणालो, "वहिनी, जपान असो का जालना, वाचणं सारखंच."

उघडलं, तर पहिल्याच पानावर बाण आणि चौकटींत आकडे. आकडेही उलट्या क्रमानं! हे जपानी मंगलाचरण असणार, असं धरून मी नमस्कार केला. माझं बघून बायकांनीही केला. खाली बारीक अक्षरात काहीतरी होतं. असल्या जागी छापणाऱ्याचा पत्ता असतो, म्हणून सोडून दिलं.

कथा होती एका कोळ्याच्या पोराची. पण सुरुवातच पोराच्या फोटोपुढे लावलेल्या दिव्यानं. मग रडणारी आई, मग किनाऱ्याला लागलेली रिकामी नाव, मग वादळ. शेजारच्या सरस्वतीबाई म्हणाल्या, "आधी दिवा लावला अन् मंग नाव बुडाली? असं कसं?"

"जपानी लोक वक्तशीर असतात," मी म्हणालो.

बोलणंही विचित्र होतं. आधी कोणी म्हणे 'नाही', आणि मग दुसरा विचारी 'सापडला का?' उत्तर आधी दिलं की वेळ वाचतो, असं मी समजावलं. दोनचार माना डोलल्या. शेवटी पोरगा आईला हात करून नावेत चढतो, तिथे तिकीट आलं. मी थांबलो.

वहिनींनी तिकिटावरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "म्हणजे एवढंच. पाणी, अंधार अन् मेलेलं पोरगं. हेच पाहत आला माहा हरी."

मी घाईघाईनं पुढचं पान उलटलं. तिथे पोरगा आईजवळ बसून जेवत होता. "वहिनी, हे पाहा, पुढे सारं चांगलं आहे—"

त्यांनी पानावर हात ठेवला. "ते त्यानं नाही वाचलं. मले नको."

दुसऱ्या दिवशी त्यांनी चहाही सोडला. डॉक्टरनं घरीच सलाईन लावलं. इंद्रभान माझ्याकडे न बघता म्हणाला, "भागवत, तू वाचलं नसतं तं बरं झालं असतं." आता लिहिणारा जपानी, छापणारा तिसराच, आणि बोलणी मला! सरस्वतीबाईंनी पुस्तक अपशकुनी ठरवलं आणि राखेसोबत नदीत सोडायला पिशवीत घातलं. मी विरोध केला नाही. माझी तर इच्छा होती की आपणही त्या पिशवीत बसावं.

त्याच दुपारी प्रेमानंद आला. पुण्यात हरिओमच्या खोलीत राहणारा, मेहकरकडचा पोरगा. पिशवीतून डोकावणारं पुस्तक बघून त्याचे डोळे भरले. "हे माहंच हाय. मीच देल्लं होतं त्याले." मी त्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. त्यानं पुस्तक पिशवीतून काढलं.

"काका, हा मांगा हाय, जपानी चित्रकथा. आपल्याले जे शेवटचं पान, ते याचं पहिलं. उजवीकडून डावीकडे वाचा लागते. चौकटी तशाच, बोलण्याचे फुगे बी तसेच. पयल्या पानावर बाण काढून लिहिलं असते ना, की तुम्ही उलटं वाचून राह्यले म्हणून."

मी ज्याला नमस्कार केला, ते हेच होतं.

"हळू बोल बे," मी म्हणालो. पण खाटेवरून आवाज आला.

"मंग माह्या पोरानं काय वाचलं?"

प्रेमानंद खाटेजवळ जाऊन बसला. "काकू, त्यानं चांगलं तेवढंच वाचलं. वादळ तिकिटाच्या पुढं हाय. तिथवर तो पोचलाच नाही."

वहिनी उठून बसल्या. सलाईनची नळी सांभाळायला इंद्रभान धावला.

"भाऊजी, तुम्ही सरका. याले वाचू द्या."

मी सरकलो. प्रेमानंदनं पुस्तक मागून, म्हणजे पुढून, उघडलं. पोरगा समुद्रावरून धावत घरी येतो. आई रागावते, पाय धुवायला लावते. पोरगा जेवायला बसतो, ताट पुसून खातो, आणि अजून वाढ म्हणतो. आई वाढते. तिथे तिकीट होतं.

"अजून वाढ म्हणते?" वहिनींनी विचारलं.

"हाव, काकू."

"तो बी असाच म्हणे." मग त्या रडल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोकळ्या रडल्या. इंद्रभानही रडला, आणि मीसुद्धा, लपवत नाही. बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे पुसले आणि सरस्वतीबाईंना म्हणाल्या, "घरात भाकर हाय का एखादी?"

प्रेमानंदनं चांगलं वाचलं, नाही म्हणत नाही. आवाज मात्र बारीक होता त्याचा. ओट्यावर काही ऐकू गेलं नसेल.