साहेबांची तक्रार

साहेबांनी कपडे धुवायचं ठरवलं आणि इथूनच सगळं सुरू झालं.

आता माणसानं स्वतःच्या घरात, स्वतःच्या मशीनमध्ये, भरदुपारी कपडे धुवायचं ठरवलं तर त्यात सांगण्यासारखं काय आहे, असं तुम्ही म्हणाल. पण हे साहेब म्हणजे वॉशिंग मशीन बनवणाऱ्या कंपनीच्या तक्रार विभागाचे प्रमुख. लोकांची मशिनं बंद कशी पडतात हे ऐकण्यात त्यांनी उमेदीची सगळी वर्षं घालवली होती. मशीन चालू कसं करतात हे मात्र त्यांना ठाऊक नव्हतं. (चालू मशीनबद्दल त्यांना कधी कोणी फोनच केला नव्हता.)

त्यातून साहेब सुट्टीवर होते. कामानं त्यांचा पार चोथा केला होता. एके दिवशी जेवताना बायको म्हणाली, भाजीत मीठ जरा कमी पडलंय. तर साहेब डोळे मिटूनच म्हणाले, "आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. आपली तक्रार नोंदवून घेतली आहे." आणि ताटाशेजारी मान टाकून घोरायला लागले. बायकोनं त्यांना उचललं, तोंड पुसलं आणि थेट डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधून रक्तदाब पाहिला, मग खात्री पटेना म्हणून दुसऱ्या दंडाला बांधून पाहिला, आणि महिनाभर घरी बसायला सांगितलं. ऑफिसशी अवाक्षर बोलायचं नाही. बोललात तर महिना पुन्हा पहिल्यापासून, आणि मग ऑफिसात परत पाठवायचं की नाही तेही मीच ठरवीन, असा दम वर भरला. बायकोनं ऑफिसचा मोबाइल कपाटात घालून कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःच्या पर्समध्ये टाकली.

पहिला आठवडा साहेबांनी त्या कपाटासमोर येरझाऱ्या घालण्यात काढला. दुसरा झोपण्यात काढला. आणि तिसऱ्या आठवड्यात चमत्कार झाला. साहेब सकाळी उठले ते शीळ घालत उठले. आपल्या घराला गॅलरी आहे आणि तिच्यात सकाळचं ऊन येतं, हा शोध त्यांना त्या दिवशी लागला. मग काय, शोधांचा सपाटाच लागला. शेजारच्या आजोबांना ऐकू कमी येतं, पावाला भाजताना वास येतो, जिना चढून गेलं तरी माणूस मरत नाही. प्रत्येक शोध ते बायकोला तिच्या औषधाच्या दुकानात फोन करून कळवत. दुकानातली गिऱ्हाइकं खोळंबत, पण ती बिचारी सगळं ऐकून घ्यायची. खोटं कशाला बोला, तिला ते आवडायचंही.

सगळ्यात मोठा शोध म्हणजे बायको गाते. तशी ती बायकांच्या एका गायनमंडळात जाते हे त्यांना माहीत होतं. पण दर कार्यक्रमाच्या दिवशी कुठंतरी एखादं मशीन पेटायचं आणि साहेब ऑफिसात अडकायचे. यंदा मात्र त्यांनी शब्द दिला होता. पहिल्या रांगेत बसणार. आणि यंदा तिला पहिल्यांदाच एकटीनं दोन ओळी गायच्या होत्या. आठवडाभर ती त्या दोन ओळी भांडी घासताना म्हणत होती, आणि साहेब दाराआड उभे राहून ऐकत होते.

तर तो कार्यक्रमाचा दिवस. बायको दुकानातून तशीच तालमीला जाणार होती आणि नंतर घरी येऊन आवरणार होती. साहेब घरात एकटे, अंगात उत्साह नुसता सळसळत होता. फिरता फिरता त्यांची नजर कोपऱ्यातल्या मोठ्या टोपलीवर गेली. टोपलीत गायनमंडळाचे निळे झगे होते, सगळ्याच्या सगळ्या बायकांचे. मंडळाचे कपडे सांभाळायचं काम बायकोकडेच होतं. बिचारी एवढं कधी धुणार, असं साहेबांच्या मनात आलं आणि त्यांना तिच्याबद्दल इतकं प्रेम दाटून आलं की विचारता सोय नाही. (झगे धुतलेलेच होते. त्यांना फक्त इस्त्री हवी होती. पण प्रेमाच्या भरात आलेला माणूस एवढं बघत नाही.)

साहेबांनी झगे न्हाणीघरातल्या मशीनमध्ये कोंबले. थोडी जागा उरली तेव्हा दारातलं काथ्याचं पायपुसणंही घातलं, म्हटलं तेही कधीचं मळलंय. पावडर किती घालायची ते त्यांना माहीत नव्हतं, तेव्हा कमी पडू नये म्हणून सढळ हातानं ओतली. काचेचं दार लावलं, दिसतील ती बटणं दाबली आणि समोर स्टूल घेऊन बसले. पाणी भरलं, झगे फिरायला लागले, साहेबांना कोण आनंद झाला. मग झगे फिरायचे थांबले. मशीननं एक लांबलचक सुस्कारा सोडला आणि ते गप्प झालं. पाणी काचेपर्यंत तसंच, दार घट्ट लागलेलं, आणि खालून फेस हळूहळू बाहेर येऊन साहेबांच्या पावलांना गुदगुल्या करू लागला.

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. (मशीनमधलं मात्र जागचं हलेना.) त्यांनी दार ओढलं, दाराला लाथ घातली, दाराची समजूत घातली. बायकांचा कार्यक्रम संध्याकाळी आणि त्यांचे कपडे काचेआड बुडालेले. दुसरा कारागीर बोलवावा तर आसपास कोणी नव्हता, आणि त्यांच्या कंपनीच्या मशीनला परका हात लागला की हमी संपते. हा नियम साहेबांनीच केला होता.

शेवटी त्यांनी घरातला फोन उचलला. आपण ऑफिसला फोन करत नाही, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. आपण साधे गिऱ्हाईक. मशीन बायकोच्या नावावर, फोन घरचा, कोणाला काय कळणार.

पलीकडून आवाज आला, "आपला वेळ आमच्यासाठी मोलाचा आहे. कृपया प्रतीक्षा करा."

आवाज त्यांचाच होता. मागं बासरी वाजत होती, तीही त्यांनीच निवडलेली. साहेब फेसात उभे राहून स्वतःची प्रतीक्षा करू लागले. बराच वेळ गेल्यावर त्यांनी त्या आवाजाला चांगलं खडसावलं. आवाज म्हणाला, आपला वेळ आमच्यासाठी मोलाचा आहे. आपण इतके कोडगे असू असं साहेबांना वाटलं नव्हतं.

मग फोनवर एक मुलगी आली. तिला साहेबांनीच शिकवून तयार केलं होतं. मशीनचं बटण चालू आहे का, भिंतीवरचं चालू आहे का, घरात वीज आहे का, असं तिनं एका सुरात विचारलं. साहेब जरा चढ्या आवाजात म्हणाले की, आहे. तशी मुलगी आणखी गोड झाली. ग्राहक तापला की आपण साखर वाढवायची, हेही त्यांचंच. शेवटी तिनं सांगितलं की माणूस येत्या काही दिवसांत येऊन जाईल.

काही दिवसांत म्हणजे कधी ते साहेबांइतकं कोणाला ठाऊक असणार. त्यांचा धीर सुटला.

"हे बघ, मी तुमचा साहेब बोलतोय," ते म्हणाले.

"असं बरेच जण सांगतात, सर," मुलगी म्हणाली. साहेबांची ओळख सांगणाऱ्याला सगळ्यात शेवटी घ्यायचं, हा विभागाचा दंडक होता. दंडक कोणाचा ते सांगायला नकोच. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

"अगं, ओळख नाही सांगत, मी स्वतःच आहे. सुरुवातीला लागतो ना, तो आवाज माझाच."

"नाही सर. आमच्या साहेबांचा आवाज असा नाही. ते बोलले की वाटतं, कोणीतरी त्यांच्या छातीवर बसलंय. तुमचा आवाज किती छान आहे. एकदम आनंदी."

एवढ्या धांदलीतही साहेबांना क्षणभर बरं वाटलं. मग त्यांनी जुना आवाज काढायचा प्रयत्न केला. भुवया आवळल्या, दात खाल्ले, पण तीन आठवड्यांच्या सुट्टीनं तो आवाज कुठं नेऊन ठेवला होता कोण जाणे. निघाली ती एक शिंक.

"शिवाय आमचे साहेब आजारी आहेत," मुलगी म्हणाली. "आणि ते कशाला कपडे धुतील. कोणाचे कपडे आहेत, सर?"

"बायकांचे. बऱ्याच बायकांचे. निळे झगे आहेत, सगळे सारखे."

 मुलगी एकदम हलक्या आवाजात म्हणाली, "घरात अजून कोणी आहे का, सर?"

"बायको येईलच आता. तिला यातलं काही कळता कामा नये, समजलं ना. ती यायच्या आत झगे बाहेर निघायला हवेत."

"हो सर. तुम्ही अगदी शांत बसा. तुम्हीच साहेब. आमची माणसं निघालीच."

साहेबांनी फोन ठेवला आणि ते चाटच पडले. निघालीच, हा शब्द त्यांच्या विभागात आजवर कोणी वापरला नव्हता. आपण नसताना विभाग एवढा कसा सुधारला, या विचारानं त्यांना अभिमानही वाटला आणि थोडं वाईटही वाटलं.

माणसांच्या आधी बायको आली. तिनं न्हाणीघरात डोकावून पाहिलं. फेस, पाणी, काचेला नाक लावून बसलेले झगे आणि स्टुलावर पाय वर घेऊन बसलेले साहेब. साहेबांनी चटकन सगळं सांगून टाकलं. झगे, पायपुसणं, पावडर, फोन. ती झग्यांवरून रागावेल अशी त्यांची अटकळ होती.

"ऑफिसला फोन केलात," ती म्हणाली.

"गिऱ्हाईक म्हणून केला गं."

ती तिथंच ओल्या उंबऱ्यावर बसली. तिचे डोळे भरून आले होते. "झग्यांचं काही नाही हो. साध्या कपड्यांवर गाऊ. पण इतक्या वर्षांनी माझ्याशी बोलत कोणीतरी जेवत होतं. आता त्यांना कळलं की तुम्ही धडधाकट आहात, की उद्यापासून तो फोन परत ताटाशेजारी. मग मी परत भिंतीशी बोलायचं."

 आपण कोणाला हवेसे आहोत, आणि तेही तक्रार नसताना, ही गोष्ट साहेबांच्या नीट ध्यानात आली ती त्या वेळी. 

तेवढ्यात बेल वाजली. दारात एक नाही, दोन धिप्पाड मेकॅनिक उभे होते. घरातल्या माणसाला धोका असेल तर सगळी कामं टाकून दोघांनी धावायचं, हाही साहेबांचाच नियम. पण आजवर तो शॉक लागणाऱ्या मशिनांसाठी वापरला जायचा. मेकॅनिक नव्यानंच कामाला लागलेले, दिवसभर घरोघर फिरणारे, त्यांनी साहेबांना कधी पाहिलंही नव्हतं. त्यातला धाकटा साहेबांपासून हातभर अंतर ठेवून उभा राहिला. "नमस्कार साहेब, तुम्ही बसा, तुम्हाला कोणी काही करणार नाही," असं त्यानं लहान मुलाशी बोलावं तसं सांगितलं. थोरला होता त्यानं मशीनखालची झडप उघडली, बोटं घालून मूठभर काथ्या उपसून काढला, पाणी भसाभसा वाहून गेलं आणि दार आपसूक उघडलं. साध्या पाण्यात एकदा खळबळून आणि मशीनमध्ये पिळून त्यानं झगे बायकोच्या हाती दिले. दमट होते, पण अंगात घालण्याजोगे होते. बिघाडाचं कारण म्हणून त्यानं मोठ्यानं सांगितलं, ग्राहकाची चूक.

हे साहेबांच्या जिव्हारी लागलं. ते उठले, छाती पुढं काढली आणि बायकोला म्हणाले, "मी कोण आहे ते जरा यांना सांग."

थोरल्या मेकॅनिकनं बायकोकडं पाहिलं. "बाई, हे स्वतःला आमचे साहेब म्हणवतात. खरं आहे का?"

बायको झगे छातीशी धरून उभी होती. हो म्हणावं तर घटकाभरात ऑफिसला कळणार. नाही म्हणावं तर नवऱ्याची अब्रू. ती नुसती साहेबांकडं बघत राहिली.

साहेबांनी मशीनकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं. ती मघाशी उंबऱ्यावर बसली होती ते त्यांना आठवलं. त्यांची छाती होती तिथं परत गेली.

"छे हो," साहेब म्हणाले. "मी कुठला साहेब. मी घरीच असतो. आज बायकोचं गाणं आहे, तिकडं निघालोय."

असं म्हटल्याबरोबर त्यांना इतकं हलकं वाटलं की ते खुदकन हसले. बायको तर झग्यांत तोंड खुपसून हसायलाच लागली. मेकॅनिकांनी एकमेकांकडं पाहून सुटकेचा श्वास टाकला आणि सामान आवरलं. जाताना थोरला दारात थांबला. त्याला बायकोची फार कणव आली असावी.

"काळजी करू नका, बाई," तो म्हणाला. "लवकर शुद्धीवर आले हे. आमच्या खऱ्या साहेबांनाही हाच आजार झालाय. तेही स्वतःला साहेब समजायचे."