तारेचे राऊत

राऊत माणसाशी हात मिळवत नसत, त्याच्या सायकलच्या ब्रेकशी मिळवत. बोळिंजच्या आमच्या सोसायटीत मी राहायला आलो, त्या दिवशी टेम्पोतून कपाटाच्या आधी माझी सायकल उतरली होती. अर्ध्या चड्डीतला, हाडकुळा, सत्तरीला टेकलेला एक माणूस कुठूनसा आला. माझ्याकडे न बघताच त्यानं ब्रेकची दांडी दाबली, सोडली, पुन्हा दाबली.

"तारेचा आहे," तो म्हणाला, आणि मग कुठे त्यानं मान वर केली. "म्हणजे माणूस बरा असणार. नाव?"

"कदम. आम्ही मूळचे रत्नागिरी..."

"गाव नंतर सांगा. पुढचा ब्रेक सैल आहे. रविवारी सकाळी खाली या."

हे राऊत. बी विंग, पहिला मजला.

ज्यांना सायकलीचं वेड नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. डोंगराच्या सायकलींना हल्ली चाकाच्या मधोमध एक पोलादी चकती असते आणि ब्रेक त्या चकतीला धरतो. यात दोन जाती. एकीत हँडलच्या दांडीपासून चकतीपर्यंत तार जाते. दांडी दाबली की तार ओढली जाते. दुसरीत तारेच्या जागी नळी आणि नळीत तेल. ही हायड्रॉलिक. ती एका बोटानं लागते आणि पॅड झिजले तर आपलं आपण सावरून घेते. तारेचा ब्रेक मात्र सारखा ताणून घ्यावा लागतो. त्यात आमच्याकडची हवा खारी, तार लवकर गंजते. शहाणा माणूस ऐपत झाली की तेलावर जातो. राऊत शहाणपणाच्या वाटेला कधी गेले नाहीत.

"तार तुटली तर दिसते," ते म्हणत. "तेल गळलं तर? आतल्या आत गळतं. लाच खाल्ल्यासारखं. वरून सगळं गुळगुळीत."

त्यांच्या तोंडी 'हायड्रॉलिक' ही शिवी होती. सोसायटीचे सेक्रेटरी म्हात्रे हायड्रॉलिक, कारण ते गोड बोलत आणि पार्किंगची जागा मेव्हण्याला देत. गासच्या वाडीत राहणारा स्वतःचा सख्खा भाऊ हायड्रॉलिक, कारण वाटण्या झाल्या तेव्हा तो रडला होता. "रडत रडत विहिरीकडचा भाग घेतला. आमच्या वाट्याला निवडुंग." मी एकदा म्हटलं, रडला तो, म्हणजे त्याला वाईट वाटलं असेल. राऊत म्हणाले, "त्याला पुरावा काय?"

पुरावा ही त्यांची आयुष्यभराची भूक. एका विमा कंपनीत ते अपघाताचे दावे तपासत. लोकांची मोडलेली हाडं आणि चेपलेल्या गाड्या कागदावर त्यांच्यापुढे येत आणि बहुतेक कागद ते परत पाठवत. नोकरीनं त्यांना पेन्शन दिली आणि एक वाक्य दिलं. ते वाक्य ते दर रविवारी निदान एकदा तरी ऐकवत: "ब्रेक लागला नाही असं सगळे सांगतात, कदम. ब्रेक दाबला नाही असं सांगणारा मला एकही भेटला नाही."

बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी बंगळुरूला. तिचा फोन येई तेव्हा ते खुर्चीतून उठून उभे राहत आणि "हो, हो, बरं आहे, ठेवतो" एवढं बोलून पुन्हा बसत.

मी आलो त्या काळात रविवारी सकाळी पार्किंगमध्ये त्यांचा दरबार भरे. आमचा सायकलवाल्यांचा एक ग्रुप होता. कुणी राजोडीच्या किनाऱ्यावर जाऊन आलेला, कुणी तुंगारेश्वरच्या डोंगरावरच्या देवळाला निघालेला. सगळे तारेचे. राऊत प्लास्टिकच्या स्टुलावर बसत, शेजारी पान्यांचा डबा, आणि एकेक सायकल पुढ्यात घेऊन अपमान करत.

"वाळूत घातलीत? सायकल आहे की होडी?"

"हे पॅड बघा. यापेक्षा माझे दात शाबूत आहेत."

दांडीपाशी एक छोटी पेचाची बोंडी असते. ती उलटी फिरवली की तार ताणली जाते, सुलटी फिरवली की सैल पडते. काम एवढंच. पण राऊत त्याला पाऊण तास लावत, आणि तेवढ्या वेळात तुमच्या घरी कोण आजारी आहे, मुलाला किती मार्क पडले, बायको का रुसली आहे, हे सगळं काढून घेत. उत्तर दिलं की वर "पुरावा काय?" होतंच. लोक हसत, चहा मागवत, थांबत.

मग म्हात्रेंनी तेलाची सायकल आणली. राऊतांनी ती दाबून पाहिली, बोटं धोतराला पुसावीत तशी चड्डीला पुसली आणि म्हणाले, "अभिनंदन. आता कुणाची गरज नाही."

खरंच तसं होतं. तेलवाल्यांना गरज उरत नाही. म्हात्रेंच्या मागून एकेक जण तेलावर गेला. कुणी वाईट नव्हतं. ते राऊतांना जिन्यात भेटले की "काय काका, बरं ना?" म्हणत आणि उत्तराआधी लिफ्टमध्ये शिरत. रविवारी स्टुलापुढे आम्ही दोघंच उरलो. मी, आणि सी विंगच्या फिलोमिनाबाई.

फिलोमिनाबाई सरकारी इस्पितळातून निवृत्त झालेल्या नर्स. माहेर गासचं, म्हणजे राऊतांच्याच गावचं, पण राऊत त्यांना गावची म्हणून हाक मारत नसत, 'सिस्टर' म्हणत. बाईंना तारेचं प्रेम नव्हतं. चालतंय ते बदलायचं कशाला, एवढाच हिशोब.

"राऊतभाऊ, तुमची तार आणि तुम्ही, दोघंही गंजलात."

"गंज दिसतो, सिस्टर. म्हणून इलाज करता येतो."

"तुमच्यावर कुठला इलाज चालला?"

यावर राऊत हसत. त्यांचं हसणं मी फक्त त्या स्टुलावर पाहिलं.

त्याच सुमाराला एक गंमत सुरू झाली. आमचे ब्रेक आठवड्यात सैल पडू लागले. रविवारी राऊतांनी टणक ताणून दिलेली दांडी पुढच्या रविवारी मऊ. मी तार बदलली, तरी तेच. "हवा खारी झाली आहे," राऊत म्हणाले. हवा खारी होतीच, तेव्हा आम्ही मान डोलावली.

एका शनिवारी फिलोमिनाबाई भाचीच्या मुलाच्या पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या सोहळ्याला गासला गेल्या आणि उशिरा परतल्या. रविवारी सकाळी आम्ही नेहमीपेक्षा लवकर तुंगारेश्वरला निघालो. राऊत गुडघ्यामुळे येत नसत. ते अजून खाली उतरलेही नव्हते. फाटकाबाहेर बाईंनी दांडी दाबून पाहिली. "जरा सैल वाटतोय. आल्यावर राऊतभाऊंकडून करून घेईन."

देवळावरून उतरताना त्या माझ्या पुढे होत्या. वळणाआधी त्यांनी पुढचा ब्रेक दाबला आणि दांडी हँडलला जाऊन टेकली. ते मी पाठीमागून पाहिलं. मागच्या ब्रेकवर चाक घसरलं, सायकल आडवी झाली आणि बाई दगडांवर पडल्या. त्या ओरडल्या नाहीत. उजवं मनगट डाव्या हातात धरून नर्सच्या आवाजात मला म्हणाल्या, "मोडलंय. हात लावू नका. गाडी बघा." मनगटाबरोबर गळ्याखालचं हाडही मोडलं होतं.

संध्याकाळी मी राऊतांना सांगायला गेलो. ते वाक्य आता येणार, दांडी दाबली याला पुरावा काय, असं धरून मी रागानं तयारच होतो. राऊतांनी फक्त विचारलं, "पुढचा?"

"पुढचा."

दोन-तीन दिवसांनी त्यांनी मला दारात गाठलं. "कदम, चला माझ्याबरोबर. सिस्टरांकडे. एकट्याला जमणार नाही."

बाई कोचावर बसल्या होत्या, हात गळ्यातल्या झोळीत. राऊत बसले नाहीत.

"सिस्टर, ब्रेक मी सैल करत होतो."

बाईंना वाटलं, माणूस शब्द चुकला. "तुम्ही तर ताणून देत होतात."

"ताणत होतो रविवारी. शनिवारी संध्याकाळी खाली जाऊन सैल करत होतो. तुमचा आणि कदमांचा. थोडाच. तुम्ही आधी माझ्याकडे याल आणि मग निघाल असा अंदाज होता." मग ते घाईनं म्हणाले, "पुरावा काही नाही. माझा शब्द आहे."

बाईंनी झोळीतला हात सावरला.

"पण का?"

"तेलवाले सगळे गेले. तुमचा ब्रेक नीट राहिला असता तर तुम्ही तरी महिना-महिना कशाला आला असता?"

मला काय वाटलं ते सांगायचं तर आधी त्यांच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. त्या उतारावर मीही होतो, माझ्याही सायकलला तोच हात लागला होता.

"माझ्याशी बोलायचं होतं, तर बेल वाजवायची," बाई मात्र म्हणाल्या. "मी दार उघडलं नसतं?"

"बेल वाजवून सांगायचं काय? काम काय सांगायचं?"

"काम कशाला लागतं?"

राऊत गोंधळले. त्यांच्या चेहऱ्यावर ढोंग नव्हतं. त्यांना तो प्रश्नच कळला नव्हता.

मग बाईंना राग आला, आणि आला तो पुरता आला. "जन्मभर दुसऱ्यांची मोडलेली हाडं पाहिली मी. माझं मोडायला शेजारी लागला! पापाची कबुली, कुमसार, करायचा तर फादरकडे जाऊन करतात, राऊतभाऊ, पाप माझ्या पदरात टाकून तुम्ही मोकळे होणार? निघा. चहा मिळणार नाही."

आम्ही निघालो. मला वाटलं, गोष्ट चार भिंतींत राहील. बाई बोलणार नव्हत्या आणि मीही. पण राऊतांनी त्याच दिवशी सायकलवाल्यांच्या ग्रुपवर जाहीर केलं. भाषा कचेरीतली: 'सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, सदर अपघातास निम्नस्वाक्षरीकार जबाबदार आहे.' खाली नाव. म्हात्रेंनी त्यांना ग्रुपमधून काढलं, पार्किंगमध्ये बसायला बंदी केली आणि स्टूल वॉचमनला दिलं. ज्यांनी वर्षभरात त्यांना तोंडभर हाक मारली नव्हती, ते सगळे अचानक त्यांच्याविषयी भरभरून बोलू लागले. राऊतांबद्दल सोसायटीत इतकी आस्था मी आधी कधी पाहिली नव्हती.

मी तेलावर गेलो. ब्रेक उत्तम आहेत. एका बोटानं लागतात.

पावसाळा सरल्यावर एका रविवारी सकाळी आमची बेल वाजली. दारात राऊत. इस्त्रीची पँट, पूर्ण बाह्यांचा शर्ट, कॉलरचं बटणसुद्धा लावलेलं. हातात काही नव्हतं, आणि त्या हातांचं काय करावं हे त्यांना समजत नव्हतं.

"काय काम काढलंत?" मी म्हणालो, आणि जीभ चावली.

"काम नाही," ते म्हणाले. मग पाठ केलेला शब्द आठवावा तसे थांबून, "सहज."

मी त्यांना आत घेतलं. रागावलेलो होतोच, पण माणूस दारात उभा होता. बायकोनं चहा केला. त्यांनी तिचं नाव विचारलं. इतक्या वर्षांत ते त्यांना ठाऊक नव्हतं. डोक्यावर पंखा कुरकुरत होता. त्यांनी वर पाहिलं, त्यांची बोटं हलली, आणि त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांमध्ये दाबून धरले.

"आधी सिस्टरांकडे जाऊन आलो," ते म्हणाले. "उघडलं नाही."

"घरी नसतील."

"होत्या. आत टीव्ही चालू होता." चहाचा घोट घेऊन म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं."

त्यांनी बशीसकट कप स्वतः आत नेऊन ठेवला, चपला घातल्या. मी दाराशी उभा होतो.

"या पुन्हा," मी सवयीनं म्हणालो.

राऊत जिन्याच्या पहिल्या पायरीवरून वळले. चेहरा अगदी गंभीर.

"कधी?" त्यांनी विचारलं.