तात्यांचं बोलकं घड्याळ

खरेदी कशी करावी हे माझ्याकडून शिकावं, असं मी मिरजेतल्या आमच्या औषधांच्या ठोक दुकानात सगळ्यांना सांगत असतो. कमी पैशात चांगली वस्तू उचलायची असेल तर मधूला बरोबर न्या. माझी बायको संयोगिता यावर काही बोलत नाही. ती फक्त माझ्या चपलांकडे बघते.

तर गोष्ट घड्याळाची आहे, आणि ती सुरू होते आमच्या तात्यांच्या डोळ्यांपासून. तात्या म्हणजे माझे वडील, पलटणीतून हवालदार म्हणून रिटायर झालेले. काचबिंदूनं त्यांचं आधी कडेचं दिसणं नेलं, मग मधलं. आम्ही मिरजेतले दवाखाने पालथे घातले, पण उशीर झाला होता. ज्या माणसानं जन्मभर घड्याळाच्या काट्यावर दाढी केली, त्याला आता दिवस की रात्र हे विचारावं लागायचं.

आणि ते विचारायचे. दर थोड्या वेळानं. "मधू, किती वाजले?" मी सांगायचो. "संयोगिता, किती झाले गं?" ती सांगायची. एकदा दुपारी भाकरी थापताना गॅस संपला, तव्यावरची भाकरी कच्ची राहिली, आणि नेमकं तेव्हाच तात्यांनी विचारलं. संयोगिता म्हणाली, "आत्ताच सांगितलं की तात्या." एवढंच. आवाजसुद्धा चढवला नव्हता. पण त्या दिवसापासून तात्यांनी वेळ विचारणं बंद केलं. खाटेवर बसून ते दुधाच्या गाडीवरून, शाळेच्या घंटेवरून अंदाज बांधायचे. एकदा संध्याकाळी उठून त्यांनी पहाट समजून दात घासले. आम्ही दोघं दारात उभे होतो. सांगायचं धाडस कुणालाच झालं नाही.

त्या रात्री संयोगिता जेवली नाही. सकाळी मी जाहीर केलं, की तात्यांसाठी खास घड्याळ आणतो.

"खास म्हणजे?" तिनं विचारलं.

"ते माझ्यावर सोड."

सांगलीतल्या एका मोठ्या दुकानात आंधळ्या माणसांसाठीचं घड्याळ होतं. काच वर उचलायची आणि काट्यांना बोटं लावून वेळ ओळखायची. फार सुंदर वस्तू. किंमत ऐकल्यावर मी विचारलं, नुसता पट्टा मिळेल का. शिवाय तात्यांची बोटं बंदूक आणि उसाचा कोयता धरून धरून अशी झाली आहेत, की त्यांनी पहिल्याच दिवशी तीनला सहा केलं असतं. दुसरं एक घड्याळ थरथरून वेळ सांगायचं. जितकी थरथर तितके वाजले. विकणाऱ्यानं ते स्वतःच्या हातात बांधून दाखवलं आणि मध्येच मोजणं चुकला. मला म्हणाला, "बहुतेक अकरा."

शेवटी मिरजेत दवाखान्यांच्या रस्त्यावर बिराप्पाच्या दुकानात गेलो. काठ्या, कमरेचे पट्टे, कमोडच्या खुर्च्या, वाफ घ्यायची भांडी अशा दुःखी वस्तूंचं ते दुकान आहे. बिराप्पानं एका खोक्यातून काळं, जाडजूड घड्याळ काढलं आणि बटण दाबलं. आतून एक बाई स्टेशनवरच्यासारख्या खणखणीत आवाजात म्हणाली, "अभी समय है, शाम के छह बजकर दस मिनट." वाफेचं भांडं बघायला आलेले एक म्हातारे दचकून खुर्चीत बसले. ती कमोडची होती.

"गॅरंटी?" मी विचारलं.

"बोलतंय तवर गॅरंटी," बिराप्पा म्हणाला.

भाव माझ्या खिशाला झेपणारा होता. मी घासाघीस करून आणखी खाली आणला आणि विजयी मुद्रेनं घरी आलो.

तात्यांनी बटण दाबलं. बाई बोलली. तात्यांनी घड्याळ कानाला लावलं.

"ही कोण?"

"घड्याळातली आहे, तात्या."

"हिंदी स्वच्छ हाय," ते म्हणाले. "हेडक्वार्टरातली वाटती."

पुढचे काही दिवस घर बदललं. आता तात्या आम्हाला वेळ सांगायचे. "मधू, साडेनऊ झालं, दुकान हाय का न्हाई?" दर तासाला बाई आपली आपण बोलायची, आणि तात्या मान हलवून "बरोबर" म्हणायचे, जणू तिची हजेरी घेतायत. माझी मान ताठ झाली. दुकानात मी घड्याळ या विषयावर न विचारता बोलायला लागलो.

मग नानासोकाका गेले.

नानासोकाका म्हणजे तात्यांच्या पलटणीतले दोस्त. गाव औंधच्या पलीकडे, माणदेशात. दोघं बर्फात एकाच ताटलीत जेवलेले. काका गेले वर्षभर आजारी होते. दर महिन्याला त्यांचा फोन यायचा, "ये की गड्या भेटायला." तात्या म्हणायचे, "ऊस जाऊ दे, मग येतो." ऊस गेला, पुन्हा आला, पुन्हा गेला. तात्या गेले नाहीत. डोळे गेल्याचं त्यांनी काकांना सांगितलंच नव्हतं. पोराचा हात धरून त्या दारात उभं राहायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. आणि आता फोन आला तो काकांच्या धाकट्या मुलाचा, शिवतेजचा. "बाबा गेलं. परवा सकाळी रक्षाविसर्जन हाय."

"जायचं," तात्या म्हणाले. "पर तितं कुणाला काय सांगायचं न्हाई. मी चालीन नीट."

निघायच्या दिवशी पहाटे मी एक शहाणपणा केला. स्मशानात ही बाई तासाला बोलली तर बरं दिसणार नाही, म्हणून तिचं आपोआप बोलणं बंद करायला बसलो. घड्याळाला चार बटणं. माहितीचा कागद इंग्रजीत, अक्षरं मोहरीएवढी. मी एक दाबलं, दोन दाबली, तिसरं धरून ठेवलं. "टुं" असा आवाज आला. बाई गप्प झाली. मी घड्याळ तात्यांच्या मनगटावर बांधलं आणि आम्ही गाडीत बसलो.

गावाबाहेर कोरड्या ओढ्याच्या काठी माणसं जमली होती. ऊन आत्तापासूनच टोचत होतं. तात्या काळा चष्मा लावून, माझ्या कोपराला नुसतं बोट टेकवून असे ताठ चालले, की मीच आंधळा आणि ते मला नेतायत असं वाटावं. राख सावडून झाली. मग काकांच्या आवडीचं सगळं पत्रावळीवर मांडलं: जिलेबी, खारी, मटणाचं वाटीभर कालवण, तंबाखूची पुडी. एका बाजूला बायका, त्यांच्यात काकांच्या पत्नी बनुबाई. आणि सगळे मागं सरकून कावळ्याची वाट बघू लागले. कावळा शिवला की गेलेला माणूस समाधानानं गेला, मग सगळ्यांनी घरी जायचं.

माणदेशात कावळेही कमीच. पलीकडच्या बाभळीवर मोजके बसले होते. बऱ्याच वेळानं एक खाली उतरला. मान वाकडी करून जिलेबीकडे बघत एकेक उडी मारत पुढं आला. कुणी श्वास घेत नव्हतं.

"कुकूच कू," तात्यांचं मनगट म्हणालं.

कावळा उडाला. बाभळीवरचेही उडाले. माझ्या लक्षात आलं, की पहाटे मी बाईला गप्प करताना गजराच्या कोंबड्याला उठवलं होतं. मी तात्यांच्या शालीत हात घालून मिळेल ते बटण दाबलं. कोंबडा थांबला. बाई म्हणाली, "सुबह के साढ़े आठ बजे हैं."

लोकांनी आपापले मोबाईल तपासले. कुणाचाच नव्हता.

"तात्या, काढा ते," मी कुजबुजलो.

"हात सोड. समदी बघत्यात." त्यांनी दुसऱ्या हातानं मनगट गच्च दाबून धरलं.

कावळे परत येईनात. गर्दीत हळूहळू कुजबुज सुरू झाली. नानासोची काहीतरी इच्छा राहिली म्हणायची. भावकीतला एक जण पुढं होऊन म्हणाला, "वीरधवल, तू थोरला. काय शब्द द्यायचा आसंल तर दे."

वीरधवल मुंबईत नोकरीला. तो हात जोडून पत्रावळीपुढं उभा राहिला. "बाबा, आईला मी मुंबईला नेतो. काळजी करू नका."

"मला कुटं जायचं न्हाई," बनुबाई शांतपणे म्हणाल्या. कुणी लक्ष दिलं नाही. कारण एक कावळा खाली येत होता. आणि पाच मिनिटं झाली होती.

"कुकूच कू."

त्या कोंबड्याचं तसंच होतं. बटण दाबलं की पाच मिनिटं झोपायचा, मग ताजातवाना होऊन उठायचा. मी पुन्हा दाबलं. आता आमच्या आजूबाजूची माणसं आमच्याकडं बघू लागली होती.

"शिवतेज, तू बोल," भावकीतला माणूस म्हणाला.

शिवतेज पुढं झाला. "बाबा, हिरीचं पाणी दादाच्या रानालाबी देतो. निम्मं निम्मं."

"हिरीत पाणी कुटाय?" मागून कुणीतरी म्हणालं.

कावळा आला नाही. कुणी चहा आणून ठेवला, कुणी विडी पेटवून ठेवली. एक म्हातारे पलटणीच्या कँटीनची रम आणायला घरी गेले. ऊन वाढत चाललं. बनुबाई खाली मातीकडे बघत बसल्या होत्या. आणि कोंबडा तिसऱ्यांदा आरवला. मी बटण दाबलं, पण यावेळी कुणाला शंका राहिली नाही. सगळी गर्दी तात्यांकडं वळली. जमीन फाटून आत गेलो असतो, पण माणदेशातली जमीन कडक.

तात्यांनी माझ्या कोपरावरचं बोट काढलं. शाल सावरली आणि एकटेच पुढं चालायला लागले. चार पावलं नीट गेली. मग ते डावीकडे कलले, पत्रावळीपासून लांब लांब गेले आणि जिथं लोकांनी मोटारसायकली लावल्या होत्या, तिथं जाऊन थांबले. सावधान झाले.

"नानासो," ते परेडच्या आवाजात म्हणाले. "हे माजं घड्याळ हाय. पोरानं आणलंय. मला दिसत न्हाई म्हणून."

मी त्यांना वळवायला धावलो. बनुबाई उठून आल्या होत्या. त्यांनी माझा दंड धरला. "आसू दे," त्या म्हणाल्या.

"दोन्ही डोळं गेलं गड्या. तू बोलवत हुतास आनी मी उसाचं कारन सांगत हुतो. तुज्याम्होरं हात धरून यायची लाज वाटली. आता आलोय. हातच धरून आलोय."

मग त्यांनी एका लाल मोटारसायकलीला कडक सलाम ठोकला.

कुणी हसलं नाही. भावकीतल्या त्या बोलक्या माणसानं टोपी काढली. बनुबाईंनी तोंडाला पदर लावला. मी तात्यांजवळ गेलो, त्यांचा हात धरला, आणि त्यांनी तो धरू दिला. घड्याळाचा पट्टा सोडून मी ते गाडीत, सीटखाली, पायपुसण्यात गुंडाळून ठेवलं.

परत येऊन बघतो तर पत्रावळीवर जिलेबी नव्हती. कालवणाची वाटी पालथी पडली होती. सगळे तात्यांकडे बघत असताना कुणीतरी येऊन शिवून गेलं होतं. कावळा की कुत्रं, हे एकानंही पाहिलं नव्हतं.

"कावळाच," भटजी घाईनं म्हणाले. त्यांना आणखी एका गावी जायचं होतं.

एवढ्यावर संपायला हवं होतं. पण वीरधवल म्हणाला, "शिवतेज, तुझ्या शब्दानंतर शिवला. म्हणजे बाबांच्या मनात पाणीच होतं."

"पान्याचं बोललो तवा कुटं आला? आईला न्यायचं तू पयलं बोललास. बाबांनी त्ये ऐकलंय."

"तिला यायचंच नाहीये."

"मग शब्द कशाला दिलास?"

आम्ही निघालो तेव्हा दोघं भाऊ एकमेकांवर वडिलांची शेवटची इच्छा ढकलत होते, आणि बनुबाई एकट्याच पालथी वाटी उचलून राखेनं घासत होत्या. औंधला यमाईच्या डोंगराखालून जाताना मी तात्यांना सांगितलं, की देऊळ दिसतंय. त्यांनी हात जोडले. यावेळी बरोबर दिशेला.

महिन्याभरानं बनुबाईंचा फोन आला. मला वाटलं, आता तरी झाडणार. मी आधीच माफी मागायला सुरुवात केली.

"त्ये ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "त्ये बोलनारं घड्याळ कुटं मिळतं रं? थोरला मुंबईला गेला. धाकटा आनी सून रानात असत्यात. दिवसभर घरात कोन बोलत न्हाई."

मी त्याच संध्याकाळी बिराप्पाकडे गेलो. हिंदी बाई संपली होती. एकच घड्याळ उरलं होतं, आणि त्यातली बाई चिनी बोलायची. बिराप्पा म्हणाला, बदलून येईल, पण नक्की कधी ते सांगता येत नाही. मी तेच घेतलं. भाव पाडूनच घेतलं, ते सांगायला नको.

रविवारी तात्यांना घेऊन माणदेशात गेलो. बनुबाईंनी घड्याळ मनगटावर बांधलं, बटण दाबलं. चिनी बाई बरंच काही बोलली. मी शरमेनं म्हणालो, "काकू, यातलं काही कळणार नाही तुम्हाला. दुसरं आलं की बदलून देतो."

त्यांनी पुन्हा बटण दाबलं आणि मान कलती करून ऐकलं.

"नगं बदलू," त्या म्हणाल्या. "पलटणीतनं आल्यापास्नं ह्यांचंबी मला कदी काय कळलं न्हाई. पर घरात आवाज हुता."