येथे फक्त नाटके मिळतील

भास्कररावांना बोलता बोलता अडकलेला माणूस सहन होत नसे. कुणी अडखळलं की ते ओठ न हलवता हळूच पुढचा शब्द पुरवत. भाजीबाजारात, लग्नात, अगदी कुणाच्या मयतीलासुद्धा. एका पंधरा ऑगस्टला आमच्या शाळेत आलेल्या पाहुण्यांचं भाषण "आणि... आणि..." वर येऊन थांबलं. सुटलो एकदाचे, असं मी म्हणते आहे तेवढ्यात मंडपाच्या खांबाआडून कुजबुज आली, "उज्ज्वल." झालं! पाहुण्यांना देशाचं उज्ज्वल भवितव्य सापडलं. ते पुढे अर्धा तास बोलले आणि उन्हात दोन मुली चक्कर येऊन पडल्या.

मी भास्कररावांना फाटकातच गाठलं. मी शाळेतली बाई, त्यात फटकळ.

"काय नडलं होतं हो तुमचं?"

"माणूस अडकलेला बघवत नाही, बाई."

पंचवटीत आमच्या गल्लीत समोरच राहायचे ते. दिवसा कचेरीत कारकून आणि संध्याकाळी नाशिकच्या हौशी नाटकवाल्यांचे प्रॉम्प्टर. विंगेत उभं राहून नटाला विसरलेलं वाक्य आठवून द्यायचं, हे काम त्यांनी जन्मभर केलं, आणि त्याचा अभिमान तर एवढा की नाटकातला राजासुद्धा त्यांच्यापुढे फिका. "पहिला शब्द द्यायचा आणि गप्प बसायचं," ते बजावत. "पुढचं ज्याचं त्याला आठवलं पाहिजे. सगळं वाक्य सांगतो तो प्रॉम्प्टर नव्हे, चोंबडा!" त्यांची बायको शालिनीवहिनी त्याच नाटकांतून नायिका व्हायच्या. नायकाची भूमिका करणारे पुरुष बदलत, विंगेतले भास्करराव मात्र तेच.

मग वहिनींना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. पाणी हवं तरी बोट दाखवायचं. आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. अशा वेळी हा गृहस्थ मुदतीआधी नोकरी सोडतो काय, राहत्या घराच्या पुढच्या खोलीत पुस्तकांचं दुकान काढतो काय, आणि पुस्तकं कसली, तर नुसती नाटकं! मला तर संतापच आला. नारळ फोडला, पेढे वाटले, तेव्हा माझा पेढा मी तसाच घरी आणून मुंगळ्यांना घातला.

देवदर्शनाला आलेले यात्रेकरू दारात थांबून पोथी मागत, आरत्यांचं पुस्तक मागत. भास्करराव वर बोट दाखवत. पाटीवर लिहिलं होतं, "येथे फक्त नाटके मिळतील." शेजारचा रुद्राक्षवाला कपाळाला हात लावी. कारखान्यांतली हौशी मंडळी यायची ती एक प्रत नेऊन सगळ्या भूमिका हाताने उतरवून काढायची, म्हणजे दुसरी प्रत खपायची सोयच नाही. त्यात भास्कररावांची एक अट असे. पुस्तक विकत घेण्याआधी त्यातला एक प्रवेश दुकानात उभं राहून मोठ्याने वाचायचा. गिऱ्हाईक पळून जाणार नाही तर काय करणार!

शाळेच्या गॅदरिंगसाठी नाटक हवं होतं म्हणून मी नाइलाजाने गेले. त्यांनी एक जुनं पुस्तक माझ्या हातात दिलं. "आईचं तुम्ही वाचा. माझ्याकडे नका बघू, आतल्या पडद्याकडे बघून वाचा."

"अहो, मला मुलांचं नाटक हवंय."

"देतो हो. आधी हे वाचा."

चडफडत मी आईची वाक्यं वाचली. मुलीचं वाक्य आलं तशी मी तेही वाचू लागले, तर त्यांनी हात वर केला. "थांबा बाई. आठवू द्या तिला." मग पडद्याशी वाकून कुजबुजले, "दिवा..."

आणि मग आतून बारीक पण खणखणीत आवाज आला, "दिवा मी लावते, आई. तुझे हात ओले आहेत."

जिला पाणी म्हणता येत नव्हतं ती बाई अख्खं वाक्य बोलली होती, तेही लाडक्या लेकीच्या थाटात.

"नाटकातलं सगळं शाबूत आहे," भास्करराव म्हणाले. "पण रोज माझाच आवाज ऐकून कंटाळते. निरनिराळी माणसं आली की खुलते. कधी ना कधी आपलंसुद्धा बोलेल."

"म्हणजे काय?"

ते लाजले. "एकदा नुसतं 'अहो' म्हणाली तरी पुरे. मग दुकान बंद."

"मग तो शब्द द्या की तुम्हीच!"

"छे! नाटकांतून किती जणांना अहो म्हणालीय ती. मी दिला तर तोही नाटकातलाच होईल. तेवढा तिचा तिलाच आठवला पाहिजे."

त्या दिवसापासून मी त्यांना वेडा म्हणायचं सोडलं. शाळा सुटली की जाऊन कधी सासू, कधी मावशी, कधी दासी वाचू लागले. देवळ्याकडचा एक शेतकरी जत्रेसाठी नाटक घ्यायला आला होता. त्याने खलनायकाचं वाक्य असं काही गरजून म्हटलं, आणि आतून नायिकेने असं काही झापलं, की गडी दोन पावलं मागे सरला. "आत बाई हाये व्हय? लय भारी बोलल्या वहिनी!" मग तो कांदा विकायला नाशिकला आला की हटकून यायचा. दुसरं पुस्तक काही त्याने घेतलं नाही. वहिनींकडून शिव्या खायचा, ओटीवर कांदे ठेवायचा आणि जायचा.

एकदा दुपारी आम्ही चहा पीत होतो आणि आतून स्पष्ट आलं, "अहो!" भास्कररावांच्या हातची कपबशी खाली पडली. ते आत धावले. पाठोपाठ पुढचं ऐकू आलं, "अहो, उठा ना, गाडी सुटेल!"

ते बाहेर आले. "तिसरा अंक," म्हणाले, आणि खाली बसून फुटकी बशी वेचू लागले. मला इतकं रडू आलं की मी घरी निघून गेले.

वहिनी गेल्या त्या थंडीत. झोपेतच गेल्या, काही न बोलता. तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं. मी भेटायला गेले. काय बोलावं ते मला सुचेना, आणि भास्कररावांनी शब्द दिला नाही. त्यांनी तेच जुनं पुस्तक पुढे केलं. मी आईचं वाचलं. मुलीच्या वाक्यापाशी थांबले. आतली खाट उभी करून भिंतीला लावलेली मला पडद्याच्या फटीतून दिसत होती.

ते पडद्याशी वाकले. मला वाटलं, आता "दिवा" म्हणतील.

"अहो..." भास्करराव कुजबुजले.

मला राहवेना. "भास्करराव, असं काय करता हो..."

त्यांनी पाठमोऱ्यानेच हात वर केला.

"थांबा बाई. आठवू द्या तिला."