डाव्या वळणावरचा आवाज

"ऐकलंत? पुन्हा वाजलं!" मिस्त्री मागच्या सीटवरून ओरडले आणि गाडीतल्या बाकीच्या तिघांनी एकदमच सुस्कारा सोडला.

परक्या देशातल्या सहलीचा आज दुसरा दिवस. गाडी भाड्याची होती आणि ती चालवत होते डॉक्टर. डॉक्टर दातांचे, नात्याने मिस्त्रींचे धाकटे साडू. त्यांच्या शेजारी त्यांची बायको, म्हणजे मिस्त्रींची मेव्हणी. मागे मिस्त्री आणि त्यांची बायको. मिस्त्रींनी बसच्या वर्कशॉपमध्ये चौतीस वर्षं गिअरबॉक्स आणि ॲक्सल उघडले होते. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी कान अजून नोकरीवरच होते.

माणसाचे शत्रू सहा. त्यांतले पाच मिस्त्रींनी विनासायास जिंकले होते. काम आणि क्रोध वयाने नेले, लोभ परवडला नाही, मोहावर मधुमेहाने पथ्य लावलं आणि मद करावा असं हाती काही नव्हतं. उरला मत्सर. तो मात्र साडूचं रूप घेऊन पुढच्या सीटवर बसला होता. साठीला आलेला माणूस, पण केस काळे! गोऱ्या पोरीशी हॉटेलात दोन वाक्यं बोलला की ती खुदकन हसायची. रस्त्याच्या उलट्या बाजूने गाडी हाकायची, तर तीसुद्धा एका हाताने.

"बघा, डॉक्टर कसे शांतपणे चालवतात," मिस्त्रींची बायको सकाळी म्हणाली होती. "नाहीतर तुम्ही. खड्डा रस्त्यात असतो, ओरडा मला खावा लागतो."

हे वाक्य मिस्त्रींना न्याहारीबरोबर गिळावं लागलं होतं, आणि ते अजून खाली उतरलं नव्हतं.

आणखी एक दुःख होतं. "परदेशात तरी ती हत्यारं नकोत," असं बायकोने निघताना बजावलं होतं. मिस्त्रींनी मान डोलावली आणि तेरा नंबरचा पाना मोज्यात घालून बॅगेच्या तळाशी दडवला. पाना जवळ नसला की त्यांना चारचौघांत उघडं उभं राहिल्यासारखं वाटे. पण बाईंना मुक्कामाला पोचताच अख्खी बॅग उपसायची सवय. तेव्हा गाडी ताब्यात येताच मिस्त्रींनी पाना रुमालात गुंडाळून कुणाला न कळत गाडीत सरकवून ठेवला आणि मगच त्यांचा जीव भांड्यात पडला.

"दादा, मला काही ऐकू आलं नाही," डॉक्टर म्हणाले.

"डावीकडे वळलात की वाजतं. कट-कट-कट. डावीकडे वळताना वाजलं म्हणजे उजव्या ॲक्सलचा जॉइंट गेला. हे मी झोपेत सांगेन."

"झोपेतच सांगताय बहुतेक," डॉक्टर हसले. "दादा, कवळी नीट बसली नाही की असाच आवाज येतो. परत गेल्यावर या दवाखान्यात, घरचाच माणूस म्हणून बघतो."

मेव्हणी खो खो हसली. मिस्त्रींची बायको खिडकीबाहेर बघत राहिली. मिस्त्रींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सासरच्या माणसांत त्यांना शेअर कळत नव्हते, सिनेमा कळत नव्हता, इंग्रजी बेताचंच. यंत्राबद्दल बोलले तरच चार माणसं मान वळवत. तेवढंही आज हातचं जात होतं.

"ठीक आहे!" ते म्हणाले. "उद्या संध्याकाळी सहापर्यंत हा ॲक्सल टिकला, तर यापुढे यंत्राबद्दल तोंड उघडणार नाही. घरचा मिक्सर बंद पडला तरी नाही."

"भाऊजी, लेखी द्या!" मेव्हणी म्हणाली.

"शब्द दिला म्हणजे दिला."

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी देवाला वेठीला धरलं. आजवर त्याच्याकडे पोराबाळांचं भलं मागितलं, पाऊसपाणी मागितलं. आज प्रथमच ते एका भाड्याच्या गाडीचा ॲक्सल मागत होते. तोही मोडलेला! मनाला लाज वाटत होती, पण तोंडातलं पुटपुटणं थांबत नव्हतं. गाडी घाट चढली, उतरली. प्रत्येक डाव्या वळणावर कट-कट-कट व्हायचं आणि गाडी पुढे जायची. दुपारी तर डॉक्टर शीळ घालू लागले.

"दादा, पाच वाजले हं," ते म्हणाले.

साडेपाचला एका चढावर गाडीने 'खाडकन' आवाज केला. इंजिन गरजू लागलं, पण चाकं ढिम्म. डॉक्टरांनी ॲक्सिलरेटर आणखी दाबला, तशी गाडी संथपणे मागे घरंगळू लागली.

"हँडब्रेक! हँडब्रेक ओढा!" मिस्त्री ओरडले. ओरडण्यात काळजी होती, पण आनंदही भरभरून होता.

ते खाली उतरले आणि भर रस्त्यात गुडघ्यांवर बसले. उजव्या चाकामागचं रबर फाटलं होतं, ग्रीस चहूकडे उडालं होतं आणि ॲक्सल तुटून लोंबत होता. मिस्त्रींनी ते दृश्य डोळे भरून पाहिलं.

"डॉक्टर, जरा वाकून बघता? की तुमची पाठ दुखते?"

भाड्याच्या कंपनीला फोन झाले. तासाभराने जवळच्या गॅरेजमधली, बंद गाड्या ओढून नेणारी व्हॅन आली. गॅरेजवाला रुंद, लालबुंद आणि कपाळापर्यंत तेलाने माखलेला. त्याला इंग्रजी येत नव्हतं. डॉक्टरांनी फोनवर भाषांतर काढून त्याच्यापुढे धरलं. त्याने ते वाचलं, खांदे उडवले आणि गाडीखाली डोकं घातलं.

मिस्त्री पुढे झाले. त्यांनी हवेतलं स्टिअरिंग डावीकडे फिरवलं आणि म्हणाले, "कट-कट-कट!"

गॅरेजवाल्याचे डोळे चमकले. त्यानेही हवेतलं स्टिअरिंग डावीकडे फिरवलं. "कट-कट-कट!"

मग मिस्त्रींनी दोन बोटं दाखवली: दोन दिवसांपासून. गॅरेजवाल्याने कपाळावर हात मारून डॉक्टरांकडे असं पाहिलं, की भाषांतराची गरजच उरली नाही. त्याने मिस्त्रींना हातमोजे दिले आणि डॉक्टरांच्या हातात दिवा.

पुढचे गॅरेजमधले दोन तास मिस्त्रींच्या आयुष्यातले सोन्याचे. नवा ॲक्सल शेजारच्या गावातून आला. तुटका निघाला, नवा बसला. मधूनमधून मिस्त्री म्हणत, "डॉक्टर, उजेड. अहो, माझ्या तोंडावर नको, मी काय दात दाखवायला बसलोय?"

निघताना डॉक्टर पडेल आवाजात म्हणाले, "दादा, मानलं तुम्हाला. मला तो आवाज एकदाही ऐकू आला नाही हो."

"त्याला कान लागतो," मिस्त्री नम्रपणे म्हणाले. नम्रता परवडण्याची त्यांची ही पहिलीच वेळ.

गाडी रस्त्याला लागली. पहिलंच वळण डावीकडचं.

कट-कट-कट.

"दादा," डॉक्टर चाचरले, "आता मलासुद्धा आला. तोच ना हा?"

त्याच क्षणी मिस्त्रींच्या बुटाला डॉक्टरांच्या सीटखाली काहीतरी लागलं. लोखंडी, लांबट. त्यांनी बुटानेच चाचपलं. चौतीस वर्षांची ओळख, पायालाही पटली. रुमाल सुटून एका बाजूला गोळा झाला होता आणि तेरा नंबरचा पाना वळणागणिक सीटच्या लोखंडी पट्टीवर जाऊन आपटत होता.



"नवा जॉइंट आहे," ते कसेबसे म्हणाले. "बसायला वेळ लागतो. आता बंद होईल बघा." आणि त्यांनी पान्यावर पाय रोवला.

आवाज बंद झाला. "अगदी बोलल्यासारखा थांबला हो!" मेव्हणी थक्क झाली. पुढचे साठ किलोमीटर मिस्त्रींनी तो पाय हलवला नाही. पोटरीत गोळे आले, डोळ्यांत पाणी आलं, पण शब्द राखला.

मुक्कामाच्या खोलीत ते लंगडत शिरले. बायकोने दार लावलं, पर्समधून रुमालाची पुरचुंडी काढली आणि त्यांच्यापुढे ठेवली.

"तुम्ही आधी उतरलात, मी मागून आणला. गाठ मारायला काय झालं होतं?"

मिस्त्री खाटेवर बसले. "तुला कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी. सीटखाली चप्पल शोधताना हाताला लागला."

"मग मी शब्द देत होतो तेव्हा बोलली का नाहीस?"

"बोलणारच होते." ती त्यांची पोटरी चोळू लागली. "पण डॉक्टर कवळीवरून हसले ना, ते मला आवडलं नाही. आज सकाळपासून मीसुद्धा जप करत होते, देवा, तेवढा ॲक्सल मोड म्हणून."

"दोघांनी मागितला म्हणून मोडला," मिस्त्री म्हणाले. "माझ्या एकट्याचं त्याने ऐकलं नसतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी निघाली. पाना दोन गाठींच्या रुमालात, बाईंच्या मांडीवरच्या पर्समध्ये होता. डावं वळण आलं, गेलं. मग उजवं आलं. डॉक्टरांनी एकदम मान तिरकी केली.

"दादा, ऐकलंत? उजवीकडे वळताना. टक-टक असं काहीतरी! डावा जॉइंट असेल ना?"

मिस्त्रींनी डोळे मिटून अगदी मनापासून कान दिला. गाडी लोण्यासारखी चालली होती. त्यांनी पुढे वाकून डॉक्टरांच्या खांद्यावर हात ठेवला.

"डॉक्टर, गाडी ठणठणीत आहे. तो आवाज माझ्याच आतून येत होता, तुमच्या लग्नापासून. कालपासून थांबलाय."