बिनभोकाच्या कातड्याची मोहीम, मुक्काम वाल्डॉर्फ

श्री शालिवाहन शके १९४७, विश्वावसुनाम संवत्सरी, चैत्र शुद्ध प्रतिपदेस वाल्डॉर्फ मुक्कामी जी फत्ते जाहली, तिची हकीकत आदीपासून अंतापर्यंत खरी लिहून ठेवावी, म्हणजे वडिलांनी काय पराक्रम केला हे विचारावयास लेकराबाळांस कोणाच्या तोंडाकडे पाहावे लागू नये, या हेतूने हा मजकूर.

राजश्री सत्यजितराव, संगणकाच्या दौलतीतले मातब्बर सरदार, मूळचे पुण्याचे, अकरा वर्षे जर्मन मुलखी राहून होते. त्यांनी शिकारीची सरकारी परीक्षा पहिल्याच झटक्यात जिंकली आणि परवाना हाती येताच ऐन दसऱ्यास सासरे प्रतापराव यांस व्हिडिओ कॉलवर वर्दी दिली, की येत्या हिवाळ्यात कोल्हा मारून त्याचे दाट लोकरीचे कातडे दिवाणखान्यात लावणार. प्रतापरावांनी पुण्यात बसून चष्मा पुसला आणि फर्मावले, "जावईबापू, गोळी घातली की कातड्याची चाळण होते. मी येईन तेव्हा भोक न दिसणारं कातडं दाखवा, मग तुम्हाला शिकारी म्हणू. तोवर आपले कॉम्प्युटरवालेच बरे." हा बोल रावांच्या काळजात बाणासारखा रुतला. तेच दिवशी त्यांनी भिंतीत खिळा ठोकला.

मग रावांनी रानाचे धनी हेर, म्हणजे तिकडच्या बोलीत श्रीयुत, क्नॉप यांचे दर्शन घेतले. वय एकोणऐंशी, बोलणे मोजके. कोल्ह्यांनी त्यांचे तितर खाऊन फस्त केले होते, त्यामुळे मारेकरी कोणीही चालत होता. रावांनी अदबीने विचारले, की कातड्यास इजा न होता कोल्हा पडावा, तर राइफल कोणती आणि गोळी कोणती? क्नॉप उत्तरले, "हॉर्नेट. फोलमांटेल. नेम छातीवर, हात स्थिर. फेर्टिश." म्हणजे काम संपले.

येथे बाळगोपाळांस उमज पडावा म्हणून सांगणे, की हॉर्नेट ही बारीक नळीची हलकी राइफल. आणि गोळ्यांच्या जाती दोन. एक नरम नाकाची, ती अंगात शिरून छत्रीसारखी उघडते आणि निघताना मोठे खिंडार पाडते. दुसरी फोलमांटेल, म्हणजे सबंध तांब्याचे चिलखत ल्यालेली, ती सुईसारखी शिरते आणि सुईसारखी निघते. एवढेच शास्त्र. शहाण्यास अर्धी घटका पुरे.

रावांस चौदा महिने लागले. कारण एका म्हाताऱ्याच्या चार शब्दांवर विश्वास ठेवावा, हे त्यांच्या दरबारी रीतीत बसेना. त्यांनी एक्सेलचा तक्ता उघडला, त्यास एकतीस रकाने पाडले, गोळीचे वजन, वेग, वारा, लोकांचे अभिप्राय, सगळ्यांस गुण दिले आणि गुणांस पुन्हा वजने दिली. कार्ल्सरूह्याहून मित्र सुमितराव यांस मसलतीस घेतले, ज्यांनी जन्मात गलोलही हाती धरली नव्हती. त्यांनी स्क्रीनवरून गंभीर मुद्रेने पृच्छा केली, "आल्झो, तर मग टेस्टिंगचं काय? डायरेक्ट कोल्ह्यावर रिलीज करणार?" ही मसलत रावांस फार पटली आणि मग त्यांनी घरातली एक चामडी पर्स उचलली, नेमबाजीच्या मैदानी फळ्यास ताणून बसवली, नाना जातीच्या गोळ्या तीतून पार केल्या आणि प्रत्येक भोक व्हर्नियरने मोजले. पर्स रावांच्या पत्नी नंदिनीबाईंची होती. बाईंनी जाब विचारला तेव्हा राव म्हणाले, "अगं, जुनी होती." बाई म्हणाल्या, "तुम्हीही जुनेच आहात." उपरांत त्यांनी भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्यास बाजाराची पिशवी अडकवली.

असा एक अख्खा हिवाळा खलबतात गेला आणि दुसरा निम्मा सरला. अखेर तक्त्याने आपला कौल दिला: हॉर्नेट, फोलमांटेल. राव हा शोध घेऊन क्नॉपांकडे गेले. क्नॉप "गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, असे म्हणाले आणि पाइप पेटवीत राहिले.

मग माघ महिन्यात, कोल्ह्याच्या शिकारीस बंदी लागण्याचे अगोदरचे दिवशी पहाटे, खाशी स्वारी क्नॉपांसह रानाकडे कूच करती जाहली. अंगी तीन पदरी लोकर, पाठीस नवी राइफल, खिशात तक्त्याची छापील प्रत. मचाणावर दीड प्रहर बसून नाक गोठले, तो बर्फातून एक नर कोल्हा, झुबकेदार, तांबडा, आपल्याच कामास निघालेला आला आणि आडवा उभा राहिला. रावांनी श्वास रोखला, बार टाकला आणि कोल्हा जागीच पडला. खाली उतरून पाहता लोकरीत भोक सापडेना. शोधशोधून मोहरीएवढी दोन सापडली, एक शिरल्याचे, एक निघाल्याचे. क्नॉपांनी शिकार साधल्याचा तिकडचा मान म्हणून रावांच्या टोपीत फांदी खोवली आणि हात मिळवला. राव त्या घडीस खरोखर शिकारी होते, हे कबूल केले पाहिजे. तेथेच थांबते तर बरे होते.

क्नॉपांनी कमरेची सुरी काढली आणि म्हटले, "द्या इकडे. वीस मिनिटांत सोलून देतो." रावांनी त्यांचा हात धरला आणि उत्तर केले, की मी या विषयाचे सात व्हिडिओ पाहिले आहेत.

मग गॅरेजात रणकंदन माजले. सकाळी दहास सुरू जाहले ते दुपारी चारपर्यंत. क्नॉपांसारखे मुठीने कातडे ओढून सोडवावे आणि सुरी नुसती टेकवावी, ही यातली खुबी हाताला कळते, डोळ्यांना कळत नाही. रावांचा हात कीबोर्डावर घडलेला. सुरी एकदा घसरली, दोनदा घसरली, मग मोजणे सोडले. दारात उभ्या राहून नंदिनीबाई म्हणाल्या, "अहो, तो मेलाय. परत परत काय मारताय?"

कातडे कमावावयास धाडले. कमावणाऱ्याने रिवाजाप्रमाणे ते चौकटीवर ताणले आणि ताणाने एकेक बारीक चीर बोटभर जाहली. पाडव्याचे आदले दिवशी ते परत आले, तेच दिवशी प्रतापरावही येऊन दाखल जाहले. लपवावयास सवड उरली नाही.

पाडव्याचे दिवशी गुढी उभारून जाहल्यावर खिळ्यावरची पिशवी उतरली आणि कातडे चढले. प्रतापरावांनी चष्मा पुसला, जवळ गेले, एका भोकातून बोट घालून पलीकडे हलवून पाहिले आणि मोठ्याने मोजणी केली. "अकरा! जावईबापू, कोल्हा होता का फौज? अकरा गोळ्या?"

राव म्हणाले, "एकच गोळी, बाबा. शपथ. ही बारीक दोन दिसतात ना, तेवढीच गोळीची."

"मग बाकीची नऊ?"

चौदा महिने, एकतीस रकाने आणि एक पर्स ज्या प्रश्नाच्या पायी खर्ची पडली, त्याच्या नेमका शेजारचा प्रश्न आला होता.

नंदिनीबाई म्हणाल्या, "ती सुरीची, बाबा. सुरीचं एक्सेल करायचं राहून गेलं."

मग बाईंस काय वाटले कोण जाणे, त्यांनी टिकल्यांचे पाकीट आणले आणि मोहरीएवढ्या दोन भोकांशेजारी एकेक लाल टिकली लावली, म्हणजे पाहुण्यांस खरी भोके ओळखू यावीत. प्रतापराव वाकले, बराच वेळ पाहत राहिले आणि निवाडा दिला, "हं. गोळी मात्र चोख निवडलीत. नेमबाज म्हणतो तुम्हाला. शिकारीचं पुढच्या हिवाळ्यात बघू."

येणेप्रमाणे राइफल आणि गोळी या उभयतांवर कातडे बिघडवल्याचा कोणताही आळ राहिला नाही आणि मोहीम फत्ते जाहली. सबब ही नोंद कायम केली असे. पानावरचे लिंबू मात्र त्या दिवशी नंदिनीबाईंनीच चिरले. रावांस सुरी दिली नाही.