ओला शिक्का

माझी बायको गेली हे मला दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी कळलं. माझा स्वभाव रद्द झाला हे साडेबारा वाजता.

पहिली बातमी डॉक्टरांनी दिली, दुसरी खिडकीमागच्या कारकुनाने. त्याने आधी एक कापडी पिशवी माझ्या हातात दिली. तिच्यात हिचा चष्मा होता, कंगवा होता आणि चपला होत्या. डाव्या चपलेचा अंगठा सकाळी दवाखान्याच्या पायरीवरच तुटला होता. "राहू द्या, परत जाताना बघू," असं ही म्हणाली होती. मग कारकुनाने एक छापील कागद सरकवला. "जोडीदाराच्या निधनामुळे आपला संयुक्त स्वभाव-प्रकार म-७ आजपासून रद्द समजण्यात यावा. तीस दिवसांच्या आत एकट्याचा प्रकार निश्चित करून घ्यावा."

"इथे सही करा, काका," तो म्हणाला. "ऐकून फार वाईट वाटलं."

त्याच्या छातीवर बिल्ला होता : क-३, हळवा. वाईट वाटणं त्याच्या कामातच मोडत होतं.

हे प्रकार आधी मासिकाच्या शेवटच्या पानावर करमणूक म्हणून आले. दहा प्रश्न असायचे आणि उत्तरं उलटी छापलेली. मग नोकरीच्या अर्जात त्यांचा रकाना आला. मग शाळेतली बाकं प्रकाराप्रमाणे लागली. आता दाताचे डॉक्टरसुद्धा आधी प्रकार विचारतात, मग दात. एकूण सोळा प्रकार आहेत आणि प्रत्येकाच्या दारावर नावाखाली त्याची पाटी असते. आमची इमारत म-७ लोकांची. म्हणजे मिसळणारे, मोकळ्या मनाचे, मदतीला धावणारे. जिन्यातला दिवा कोणी बदलायचा यावर आमच्यात चार वर्षं वाद चालू आहे, पण मोकळ्या मनाने.

तिसऱ्या दिवशी इमारतीचे अध्यक्ष भेटायला आले. म्हणाले, "नियमात आहे म्हणून सांगतो हं. एकतिसाव्या दिवशी खोल्या रिकाम्या कराव्या लागतील. बिनप्रकाराचा माणूस शेजारी ठेवता येत नाही. उद्या तुम्ही कसेही निघालात तर?"

"बावीस वर्षं शेजारी राहतोय मी तुमच्या."

"तेव्हा तुम्ही म-७ होतात."

ज्यांचा प्रकार ठरत नाही त्यांना शहराबाहेरच्या 'अनिर्णित निवासा'त खाट मिळते. मला खाट नको होती. मला माझ्या दोन खोल्या हव्या होत्या. स्वयंपाकघरात खिडकीखाली एक स्टूल आहे, त्यावर ही बसायची. ते जिथे आहे तिथेच राहायला हवं होतं. त्यासाठी मी पुन्हा म-७ च ठरायला हवा होतो; एरवी मला सोळापैकी कोणताही प्रकार चालला असता.

म्हणून मी स्वभाव निर्धारण कार्यालयात गेलो. तिथे साखळीचा चष्मा लावलेल्या एक बाई होत्या. बिल्ला ध-२, शांत. मी काही बोलायच्या आधीच त्या ओरडल्या, "ओरडू नका!" आणि त्र्याण्णव प्रश्नांचा अर्ज समोर टाकला.

मी दुकानातले वजनकाटे दुरुस्त करतो. प्रश्न नीट समजल्याशिवाय उत्तर द्यायची मला सवय नाही.

"बाई, हा पहिला प्रश्न. चार माणसं जमली की उत्साह वाटतो की थकवा?"

"मग?"

"कोण चार?"

"कोणीही चार, काका."

"कोणीही कसं चालेल? त्यात माझा मेहुणा असला तर थकवा."

"मेहुणा धरू नका."

"मग तीनच उरले."

"पुढचा घ्या!" बाई शांतपणे किंचाळल्या.

संध्याकाळपर्यंत मी अर्ज पुरा केला. बाईंनी तो यंत्रात घातला. यंत्राने तो बाहेर थुंकला. पुन्हा घातला, पुन्हा थुंकला. मग त्यांनी स्वतः वाचला.

"काका, एकसष्ट प्रश्नांना तुम्ही लिहिलंय, 'हिला विचारावं लागेल.'"

"हो."

"असा पर्याय नाही."

"तो होता, बाई. गेल्या मंगळवारपर्यंत होता."

त्यांनी अर्ज माझ्या हातात परत दिला. मग त्यांनी मला मान्यताप्राप्त सल्लागाराकडे पाठवलं. सल्लागार तरुण होता. त्याच्या खोलीत मऊ खुर्च्या होत्या. मी बसलो की माझे गुडघे हनुवटीपर्यंत यायचे. तो म्हणाला, "तुम्ही सध्या शोकात आहात. शोकातल्या माणसाचा स्वभाव खरा धरत नाहीत. आधी तुम्ही शून्यावर यायला हवं."

हे मला पटलं. काटा शून्यावर नसेल तर वजन चुकतं. तीस वर्षं मी दुकानदारांना हेच सांगतोय.

"शून्यावर यायला किती दिवस लागतात?" मी विचारलं.

"ते प्रकारावर अवलंबून. म वाल्यांना अकरा दिवस, ध वाल्यांना एकशेवीस. तेवढे दिवस भरले की मी शोक संपल्याचा दाखला देतो."

"माझे किती?"

"तुमचा प्रकार काय?"

"तोच काढायला आलोय."

"मग प्रकार कळला की या," तो प्रेमाने म्हणाला, आणि मला खुर्चीतून ओढून काढलं.

या दोन कार्यालयांच्या मध्ये माझे तीन आठवडे गेले. सव्विसाव्या दिवशी बाईंनीच कंटाळून आमचा जुना अर्ज बाहेर काढायला सांगितला. तो हिने एकटीने भरला होता. मी त्या दिवशी एका काट्याची स्प्रिंग बसवत होतो. "तूच भर, तुला माहितीय," एवढं बोललो होतो.

बाईंनी फाईल उघडली. एकाही चौकोनात खूण नव्हती. हिने सगळं समासात लिहिलं होतं, बारीक अक्षरात.

'चार माणसांत रमता का?' त्यापुढे : रमत नाहीत, पण उठूनही जात नाहीत. डुगडुगणारी खुर्ची शोधून तिच्या पायाखाली कागदाची घडी सारत बसतात.

'भावना व्यक्त करता का?' : बोलत नाहीत. माझी चप्पल तुटली की मी सांगायच्या आत शिवून आणतात.

'राग आल्यावर काय करता?' : भांडी घासतात. म्हणून कधी कधी मी मुद्दाम राग आणते.

इथे बाई हसल्या. मग त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला.

"समासातला मजकूर ग्राह्य नाही, काका."

"मग म-७ कशावरून दिलात?"

बाईंनी दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "त्या आठवड्यात तेवढाच शिक्का ओला होता. बाकी पंधरांची शाई वाळली होती. नवीन शाईची मागणी वर गेलीय, मंजूर व्हायचीय."

"आणि आमची अख्खी इमारत?"

"तुमच्या इमारतीचे सगळे अर्ज त्याच आठवड्यात आले होते."

"आणि तुमचा ध-२?"

"माझ्या वेळी ध-२ ओला होता," त्या म्हणाल्या. "तेव्हापासून मी शांत राहायचा किती प्रयत्न करतेय, तुम्हाला काय सांगू!" हे त्यांनी इतक्या मोठ्याने सांगितलं की शिपायाने दार लावून घेतलं.

मी घरी येऊन अध्यक्षांना शाईचं सांगितलं. ते माझ्याकडे कीव आल्यासारखे बघत राहिले. "शक्यच नाही. म-७ चं वर्णन वाचलं तेव्हाच मला कळलं, हा मी! आता तर मुलीला स्थळही म-७ च बघतोय."

सत्ताविसाव्या दिवशी फ-५ ओला होता : एकटा राहणारा, धाडसी, समुद्राची ओढ असलेला. फ-५ ला आमच्या इमारतीत जागा नाही. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, कपाटातून म-७ च्या शाईची वाळलेली गादी काढली आणि म्हणाल्या, "पाणी टाकलं तर फिकट उमटतो." माझ्या हत्यारांच्या पिशवीत काट्याचं तेल होतं. मी दोन थेंब सोडले. शिक्का असा उमटला की मागच्या पानावरही दिसला.

"फक्त शेवटचा रकाना राहिला," बाई म्हणाल्या. "'अर्जदार कसा आहे, ते जवळच्या व्यक्तीने एका ओळीत लिहावे.' कोणाकडूनही घ्या, काका. नियमात एवढंच आहे की त्याने तुम्हाला किमान पाच मिनिटं तरी पाहिलेलं असावं."

अध्यक्षांनी लगेच पेन उघडलं आणि लिहिलं, 'अगदी माझ्यासारखे.' मी ते खोडून घेतलं. मेहुण्याने लिहिलं, 'स्वभावाने थकलेले.' तेही खोडलं. सल्लागार लिहायला तयार होता, पण त्याला आधी शोक संपल्याचा दाखला हवा होता.

आज एकोणतिसावा दिवस. उद्या संध्याकाळी अध्यक्ष कागद बघायला येणार. तुम्ही इथपर्यंत वाचलंत म्हणजे तुमची पाच मिनिटं भरली आहेत. एवढ्या वेळात तुम्ही मला कुठल्या तरी खणात टाकलंही असेल. साधा, घुमा, बायकोच्या जिवावर जगलेला, असं काहीतरी. लाजू नका, तेच लिहा. नियमात बसतं. स्वतःचा खणही तुम्ही साधारण तेवढ्याच वेळात ठरवला असेल, त्या दिवशी जो शिक्का ओला होता त्यावरून.

रकाना कोरा आहे. कापडी पिशवी दाराच्या खिळ्याला अडकवली आहे. डावी चप्पल अजून शिवून आणायची राहिली आहे.